समजावणीची गोळी

डाग बघितला की तो कशाचा, हे मी सांगते. यात मोठेपणा काही नाही, धंदाच तो आहे. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात निम्मं आयुष्य गेल्यावर चहा कुठला, शाई कुठली आणि ‘अहो, काय लागलंय कुणास ठाऊक’ म्हणत हळूच पुढे सरकवलेली दारू कुठली, हे बोटाला आणि नाकाला आपोआप कळायला लागतं. त्यामुळे माझ्याच धाकट्या बहिणीच्या पँटवरचा डाग मला ओळखता येईना, तेव्हा मला आधी रागच आला.

डाग तेलकट होता आणि नारिंगी होता. मशीनचं तेल काळपट असतं, स्वयंपाकाचं पिवळट. हा त्यातला कुठलाच नव्हता. शिवाय होता तो मागे, बसायच्या जागी. मी पँट डागाच्या टेबलावर पसरली, द्रावण टाकलं, ब्रशनं हलकेच ठोकलं, वरून वाफ मारली. डाग निघाला, पण दिवसभर मी त्याचाच विचार करत होते.

बहिणीला आम्ही बारकी म्हणतो. नाव पडलं तेव्हा ती खरंच एवढीशी होती. आता ते नाव ऐकून नवीन माणूस गालातल्या गालात हसतो, कारण बारकी चांगली गोलमटोल आहे. खादाडपणानं नव्हे. तिच्या स्वतःच्या दोन्ही किडन्या ऐन तारुण्यात निकामी झाल्या आणि मग माझी एक तिला बसवली. तेव्हापासून जी औषधं चालू आहेत, त्यातल्या एकानं चेहरा फुगतो, भूक खवळते, अंग सुटतं. ती दुकानात काउंटर सांभाळते, मी आत डाग बघते, आमचे हे गाडीतून कपडे घरोघर पोचवतात, आणि आम्ही तिघंही दुकानाच्या वरच राहतो.

त्या किडनीबद्दल मी सारखी बोलते. का बोलू नये? ऑपरेशननंतर सर्जननी मला सांगितलं होतं, की बर्फातून काढली तेव्हा ती फिकट, मातकट दिसत होती. बारकीच्या पोटात जोडून रक्त सोडलं, तशी बघता बघता गुलाबी झाली आणि पोट शिवायच्या आधीच, तिथल्या तिथे टेबलावर, लघवी तयार करायला लागली. नवं घर, नवं रक्त, ओळख ना पाळख, आणि ही बया आल्या आल्या पदर खोचून कामाला लागली! हे ऐकून मी पडल्या पडल्या रडले होते. आजही आठवलं की अंगावर काटा येतो. बसवलेली किडनी पाठीत नसते, पुढे असते, उजव्या बाजूला कमरेच्या हाडाजवळ, पोटावर हात ठेवला तर लागते. बारकी काउंटरवर ओणवी झाली की मी आतून ओरडते, ‘अगं, माझी किडनी चेपतेस!’

आणि एक कॅप्सूल आहे. सकाळी एक, संध्याकाळी एक. पाकीट फोडलं की असा उग्र वास येतो की आमचे हे नाक धरून बाल्कनीत जातात. बारकीच्या शरीरानं परकी किडनी हुसकून लावू नये, म्हणून ती घ्यायची. पहिल्यांदा लिहून देताना डॉक्टर म्हणाल्या होत्या, ‘शरीराला रोज समजावायचं, की हिला राहू दे.’ तेव्हापासून घरात तिचं नाव समजावणीची गोळी. ती चुकवलेली मी कधी पाहिली नाही. बारकी घड्याळ विसरेल, चष्मा विसरेल, पण ती गोळी नाही.

तर डाग. पुढच्या आठवड्यात मला बाकीच्या गोष्टी दिसायला लागल्या. बारकी एकदम काळ्या पँटी घालायला लागली होती. आपले कपडे आपणच धुवायला लागली होती. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात राहून बादलीत कपडे धुणारी माणसं मी तरी पाहिली नव्हती. आणि मध्येच, गिऱ्हाईक समोर उभं असताना, ती पावती अर्धवट सोडून असा जिना गाठायची की मला वाटायचं वर आग लागली.

‘तुझ्या बहिणीचं पोट बिघडलंय,’ आमचे हे म्हणाले.

‘पोट बिघडलेला माणूस तोंड पाडून बसतो. ही खुशीत आहे,’ मी म्हटलं.

एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मी तिच्या खुर्चीवरची फिक्या रंगाची उशी उचलली आणि तिच्यासमोर धरली. तोच नारिंगी डाग.

‘बारके, हे काय आहे?’

‘काय आहे? डाग आहे. तुझं काम आहे ते.’

‘माझं काम मला शिकवू नकोस. हे तुझ्यातून आलंय. काय घेतेस तू?’

ती आधी लाल झाली, मग हसायला लागली, आणि हसता हसता तिनं काउंटरखालच्या खणातून गोळ्यांची एक पट्टी काढून माझ्या हातात दिली. वजन कमी करायच्या गोळ्या. चिठ्ठी लागत नाही, औषधांच्या दुकानात टूथपेस्टच्या शेजारी मिळतात.

‘ऐक तरी,’ ती म्हणाली. ‘ही गोळी जेवणाबरोबर घ्यायची. जेवणातली चरबी पचूच देत नाही. सगळी नाही, पण चांगला चौथा हिस्सा. ती अंगाला लागतच नाही, आली तशी सरळ बाहेर. फक्त कधी कधी न सांगता बाहेर येते, एवढाच वैताग.’

मी त्या उशीकडे बघत राहिले. म्हणजे हे लोणी होतं! तोंडातून शिरलं, तेवढी आतडी पार केली, आणि अंगाला न लागताच दुसऱ्या दारानं निघून गेलं. मी आयुष्यभर बाहेरून लागलेले डाग काढत आले. हा आतून प्रवास करून आलेला पहिलाच. खरं सांगते, रागवायचं राहिलं बाजूला, मला अचंबाच वाटला. आम्ही दोघी हसून हसून काउंटरला टेकलो. एवढ्याशा गोळीला चरबी अडवता येते, आणि शरीर हातातोंडाशी आलेला घास सोडून देतं, हे माझ्या कल्पनेपलीकडचं होतं.

मग माझं हसू आटलं. ‘डॉक्टरांना विचारलंस?’

‘त्यांनीच तर सांगितलं वजन कमी करा म्हणून. जाडीचा किडनीवर भार येतो म्हणाल्या.’

‘गोळी घे म्हणाल्या?’

‘चालायला जा म्हणाल्या.’ बारकीनं मान खाली घातली. ‘ताई, चालते की मी. होत नाही काही. आणि मी काय बिनडोक आहे का? औषधवाल्याला मी पहिलं हेच विचारलं, किडनीला काही होईल का. तो म्हणाला, ही रक्तात जवळजवळ जातच नाही, पोटातल्या पोटात काम करते. मग किडनीचा संबंधच येत नाही ना? दुसऱ्या सगळ्या गोळ्या रक्तात जातात. हीच एक अशी सापडली, जी तुझ्या किडनीच्या वाटेलाही जात नाही.’

तिचं म्हणणं मला पटलं. हे सांगायला हवं. आमच्या घरात कुठल्याही गोष्टीला एकच प्रश्न विचारला जातो: किडनीला चालेल का? डोकं दुखलं तरी तो प्रश्न, सर्दी झाली तरी तोच. इतकी वर्षं तो प्रश्न विचारून बारकी जगली होती, आणि या गोळीनं त्याला चोख उत्तर दिलं होतं. दुसरा काही प्रश्न असू शकतो, हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही. डब्याबरोबर सूचनांचं पत्रक असतं म्हणतात. हिनं पट्टी सुटी कापून घेतली होती.

‘मग उतरलं का वजन?’ मी विचारलं.

‘उतरलं ना! दोन किलो. आधी उतरलं.’ ती जरा घुटमळली. ‘आता परत वर चाललंय. म्हणून मी गोळ्या वाढवल्या.’

माझी नजर तिच्या पायांवर गेली. मोज्याची कड जिथे संपत होती, तिथे घोट्याभोवती खोल खाच पडली होती. मी खाली बसले आणि नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

‘ही चरबी नाही, बारके. हे पाणी आहे.’

तिला ते कळायला क्षणही लागला नाही. जिच्या किडन्या एकदा गेल्या आहेत, तिला पायातलं पाणी ओळखावं लागत नाही. फक्त वजनकाट्याकडे बघता बघता पायांकडे बघायचं ती विसरली होती. तिचा हात आपोआप पोटाच्या उजव्या बाजूला गेला. मी दुकानाचं शटर ओढलं.

हॉस्पिटलात रक्त घेतलं, लघवी घेतली, आणि किडनीच्या डॉक्टर आल्या. त्या कमी बोलतात, आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत. बारकीनं गोळ्यांची पट्टी त्यांच्यापुढे ठेवली. मला वाटलं, आता फटकारतील. त्यांनी पट्टी उलटून वाचली आणि खुर्ची ओढून बसल्या.

‘तुमची ती उग्र वासाची कॅप्सूल आहे ना,’ त्या म्हणाल्या, ‘तिच्यातलं औषध पाण्यात विरघळत नाही. ते तेलातून दिलेलं असतं. आतड्यातून रक्तात जायला त्याला चरबीची सोबत लागते. तुम्ही चरबीला आत यायची बंदी केलीत. मग ते औषधही चरबीबरोबर बाहेर निघून गेलं.’

‘पण मी एकही चुकवली नाही,’ बारकी म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान मुलीसारखा झाला होता.

‘गिळलीत सगळ्या. पोचल्या थोड्याच.’

मला त्या नारिंगी डागाची आठवण झाली. मी ब्रशनं ठोकून काढला होता, तो नुसता लोण्याचा डाग नव्हता. त्यात बारकीचं औषध होतं. किडनीच्या वाटेला न जाणारी गोळी तिच्या रखवालदाराला उचलून घेऊन गेली होती.

‘आणि हे कशासाठी?’ डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. ‘या गोळीनं फार तर दोन-तीन किलो जास्तीचे उतरतात, तेही जेवण आवरलं तर. सोडली की बऱ्याचदा परत येतात.’

सोनोग्राफीच्या खोलीत त्यांनी मला आत थांबू दिलं. सोनोग्राफी करणाऱ्या बाई बारकीच्या पोटावर थंड जेल लावून यंत्राची मूठ फिरवायला लागल्या, आणि पडद्यावर किडनी दिसली. मी तिला कधीच पाहिलं नव्हतं. माझ्या पाठीत जन्मापासून होती तेव्हाही नाही, दिली तेव्हाही नाही. करड्या रंगात, मुठीएवढी, जरा सुजलेली. मग त्या बाईंनी एक बटण दाबलं आणि त्या करड्या रंगात लाल-निळ्या फांद्या उजळल्या. एक मोठी फांदी, तिला फुटलेल्या लहान, त्यांना आणखी लहान, पार कडेपर्यंत, आणि प्रत्येक ठोक्याला सगळं झाड एकदम लुकलुकत होतं. ठोका बारकीचा, झाड माझं.  

‘रक्त पोचतंय,’ त्या बाई म्हणाल्या. ‘पण कडेला कमी आहे.’

दुसऱ्या दिवशी सुईनं किडनीचा तुकडा काढून तपासला आणि डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. शरीरानं हल्ला केला होता. बारकीच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी किडनीत घुसल्या होत्या, ठिकठिकाणी.

‘पण इतकी वर्षं झाली की,’ मी म्हटलं. ‘इतकी वर्षं नांदतेय ती तिथे. अजून सवय नाही झाली?’

‘शरीर विसरत नाही. समजावणं थांबलं की त्याला पहिल्या दिवसासारखंच आठवतं.’

‘अहो, आम्ही बहिणी आहोत. एका ताटात जेवलोय.’

‘पेशींना तेवढं पुरत नाही,’ त्या हळूच म्हणाल्या. 

मी बाकावर बसून राहिले. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटण्याच्या पलीकडचं काहीतरी वाटलं, भीती म्हणा. काय हे शरीर! बारकी मला ताई म्हणते, माझ्याशिवाय पान हलत नाही तिचं, आणि तिच्याच रक्तात असा पहारा बसलाय जो इतक्या वर्षांत एक दिवसही झोपला नाही, ज्याला मी कोण हे ठाऊक आहे आणि जो मला बाहेरची म्हणतो. एवढ्या पहाऱ्याला रोज दोन वेळा एक वासट कॅप्सूल थोपवत होती. यातलं अधिक थोर काय, तो पहारा की ती कॅप्सूल, मला अजून ठरवता आलेलं नाही.

स्टेरॉइडची मोठी इंजेक्शनं सुरू झाली. रोज सकाळी रक्तात साचलेल्या घाणीचा आकडा यायचा, तो खाली यायला हवा होता. आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लघवीची पिशवी तळाशीच ओली. बारकी भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मी जवळ गेले की म्हणायची, ‘घालवली मी तुझी किडनी.’  मी नुसती तिचे पाय दाबत बसायचे.

इंजेक्शनं संपली त्या दिवशी डॉक्टर खोलीबाहेर भेटल्या. ‘आणखी एक जोराचं औषध आहे, ते आज सुरू करते,’ त्या म्हणाल्या. ‘त्यानंही नाही झालं, तर परत डायलिसिस.’

‘माझ्याकडे अजून एक आहे,’ मी म्हटलं.

डॉक्टरांना कळलं नाही. ‘अजून एक काय?’

‘किडनी. ती घ्या ना.’

हे मी ठरवून बोलले नव्हते. दुकानात गिऱ्हाइकाला म्हणावं, हा हँगर तुटलाय तर दुसरा देते, तितक्या सहज बोलून गेले. आणि बोलल्यावर माझं मलाच कळलं, की मी थट्टा करत नव्हते. इतकी वर्षं जिच्यावरून त्या पोरीच्या डोक्यावर मिरे वाटले, तिची उरलेली जोडीदारीणही मी तिथल्या तिथे काढून दिली असती, आणि मग आपण स्वतः जगणार कशावर, हा प्रश्न मला पडलासुद्धा नव्हता. माझ्या आत हे एवढं होतं, हे मला माहीत नव्हतं. मी घाबरले त्या गोष्टीला.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ‘ती तुम्हाला लागते,’ त्या म्हणाल्या. ‘जा, आत जाऊन बसा.’

दार अर्धवट उघडं होतं. मी आत गेले तेव्हा बारकीचं तोंड भिंतीकडे नव्हतं, माझ्याकडे होतं. तिनं सगळं ऐकलं होतं.  तिनं सरकून मला पलंगावर जागा करून दिली.

नवीन औषधानं तिला ताप आला, थंडी वाजली, एक दिवस तर नुसता काढायचा म्हणून काढला. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पिशवीकडे बघितलं आणि परिचारिकेला हाक मारली, कारण माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नव्हता. पिशवी भरत होती. आकडा उतरायला लागला, हळूहळू, कुरकुरत. पार पहिल्यासारखा झाला नाही. काही भाग कायमचा गेला, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्यामुळे ही किडनी आता थोडी वर्षं कमी चालेल, किती ते कुणी सांगू शकत नाही. पण एवढा मार खाऊन, घरच्यांनीच चहूकडून घेरलेली असताना, ती उरलेल्या जागेत परत कामाला लागली होती. हात जोडावेत तर कुणाला, मला कळेना. मी बारकीच्या पोटावर, पांघरुणावरूनच, हात ठेवला.

घरी आलो तेव्हा बारकीचा चेहरा पूर्वी कधी नव्हता इतका गोल झाला होता. स्टेरॉइडनं दोनाचे सहा किलो करून परत दिले होते. गळा दिसेनासा झाला होता, बोटांत अंगठी जाईना. तपासण्या आता दर आठवड्याला होत्या. डॉक्टरांनी परवानगी दिली तशी ती तोंडावर मास्क लावून, पण हट्टानं, काउंटरवर येऊन बसली.

पहिल्याच दिवशी कोट न्यायला एक बाई आल्या. जुन्या गिऱ्हाईक, मनानं वाईट नाहीत, पण जिभेला हाड नाही. बारकीला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, ‘अगं बाई! केवढं वजन वाढलंय तुमचं!’

मी आत डागाच्या टेबलापाशी होते. हातातला ब्रश ठेवला आणि बाहेर जाऊन त्या बाईंना चार शब्द सुनवायची तयारी केली. पडद्यापर्यंत पोचले, तर बारकीचा आवाज आला, शांत, नेहमीपेक्षा जरा ठणठणीतच.

‘वाढणारच,’ ती म्हणाली. ‘दोघींचं आहे ते.’

बाई काहीतरी भलतंच समजल्या आणि अभिनंदन करून, कोट खांद्यावर टाकून निघून गेल्या. बारकी खळखळून हसायला लागली आणि आत बघून ओरडली, ‘ताई, ऐकलंस का?’ ऐकलं होतं. मी पडद्याआडूनच ओरडले, ‘हसता हसता ओणवी होऊ नकोस, आपली किडनी चेपशील!’